पबमधला म्हातारा

डनमॅरोच्या लेखक महोत्सवाचं पत्र ब्रॉन्विन टकवेलनं दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तिला वाटलं, आपल्याला लेखिका म्हणून बोलावलंय. दुसऱ्या वाचनात कळलं, की फेलिक्स बॅनरमनची मुलाखत घ्यायला बोलावलंय. महोत्सवाचं सगळं बघणाऱ्या ट्रूडीनं मोठ्या आपुलकीनं लिहिलं होतं, 'तुम्ही आमच्याच भागातल्या, तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं कोण मिळणार? मुक्काम भावाकडेच असेल असं आम्ही धरून चाललो आहोत.'

ब्रॉन्विन एकोणसाठ वर्षांची होती. मेलबर्नमध्ये एकटी राहायची आणि निवृत्त लोकांना आपापल्या आठवणी कशा लिहाव्यात ते शिकवायची. तिच्या नावावर चार पुस्तकं होती. पहिली कादंबरी 'मागचं कुरण', तेवीस वर्षांपूर्वीची. तिला एका समीक्षकानं 'संयत' म्हटलं होतं, आणि त्या संयमाची लागण गिऱ्हाइकांनाही झाली होती. दुसरी कादंबरी लिस्बनमध्ये घडायची. तिसरीत चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका सज्जनाचा खून व्हायचा. चौथं पुस्तक पाणथळीतल्या पक्ष्यांवर होतं, आणि तेवढं एक बऱ्यापैकी खपायचं. पक्षी बघणारी माणसं पुस्तक गाडीच्या टपावर विसरतात आणि पुन्हा नवं घेतात.

फेलिक्स बॅनरमनची गोष्टच वेगळी. तो सिडनीचा. दुष्काळावरच्या त्याच्या 'तांबडं वर्ष' या कादंबरीनं देशभर लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. ती लिहिण्यासाठी तो अकरा दिवस एका मेंढपाळ कुटुंबात राहिला होता, हे तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. ब्रॉन्विन त्याच कोरड्या मुलखात सतरा वर्षं वाढली होती, पण तिची मुलाखत कुणी घेत नसल्यामुळे हे सांगायची वेळ आली नव्हती.

मुलाखत घ्यायची म्हणून तिनं 'तांबडं वर्ष' आणलं आणि हातात पेन्सिल घेऊन वाचायला बसली. चांगलं लिहिलं होतं. एकशे शहाऐंशी पानं तिनं जरा नाइलाजानंच कौतुक करत वाचली. पान एकशे सत्याऐंशीवर तिची पेन्सिल थांबली.

तिथं एक बाप होता. पाणी आटलेलं, चारा संपलेला, मेंढीला कुत्रं विचारत नाही असा काळ. तो बाप मागच्या कुरणात खड्डा खणून घेतो आणि स्वतःच्या तीनशे चाळीस मेंढ्या एकेक करून गोळी घालून मारतो. संध्याकाळी घरी येतो, कोपरापर्यंत हात धुतो, जेवायला बसतो. बायको बघतेय, मुलं बघतायत. तो ताटाकडे बघत म्हणतो, "मीठ दे."

एवढंच. पण हे 'एवढंच' ब्रॉन्विनचं होतं. 'मागचं कुरण', पान एक्क्याण्णव. वाक्यं थोडी इकडची तिकडे केलेली, पण आकडा तोच, कोपर तेच, आणि मीठही तेच.

खरं सांगायचं तर तिचा पहिला विचार रागाचा नव्हता. तिच्या मनात आलं, म्हणजे कुणीतरी वाचलं तर. राग आला तो चहा होईपर्यंतच्या वेळात, पण आला तो मुक्कामालाच. तिनं आपल्या जुन्या प्रकाशकाला फोन लावला. तो आता प्रकाशन सोडून ऑलिव्हची झाडं लावत होता.

"याला हल्ली चोरी म्हणत नाहीत, ब्रॉन्विन," तो म्हणाला. "प्रभाव म्हणतात."

"माझ्या घरात शिरून टीव्ही नेला तर त्यालाही प्रभावच म्हणायचं का?"

"टीव्ही असता तर पोलिसांनी तरी लक्ष घातलं असतं."

मग तिनं ठरवलं. भर कार्यक्रमात फेलिक्सला ते पान वाचायला लावायचं. वाचून झालं, की 'आता मी एक पान वाचते' म्हणायचं आणि पान एक्क्याण्णव वाचायचं. नंतर पुस्तक कधी छापलं ते साल वाचायचं. बाकी काही बोलायचं नाही. ती संयत लेखिका होती.

पुरावाही पक्का होता, कारण ते मीठ तिनं स्वतः रचलेलं होतं. मेंढ्यांची हकीकत मात्र खरी, तिच्याच घरची. त्र्याऐंशी सालच्या दुष्काळात ती बॅलरॅटला शाळेच्या वसतिगृहात होती. सुट्टीत घरी आली तेव्हा धाकट्या भावानं, डेरिलनं, लोकरीच्या शेडमागे बसून तिला सांगितलं होतं. तो पंधरा वर्षांचा होता. बाबांनी बारा मेंढ्या मारल्या आणि त्यांचा हात थरथरायला लागला. तेराव्या वेळी नेम चुकला. मग त्यांनी बंदूक डेरिलच्या हातात दिली, पिकअपमध्ये जाऊन बसले आणि रेडिओवर क्रिकेट लावलं. उरलेल्या तीनशे अठ्ठावीस डेरिलनं मारल्या. अंधार पडेपर्यंत पुरल्या.

"कुणाला सांगू नकोस," डेरिल म्हणाला होता. "बाबांचा हात चालला नाही, हे."

ब्रॉन्विननं कुणाला सांगितलं नाही. कादंबरी लिहिताना तिनं बंदूक बापाच्याच हातात ठेवली. आपण वचन पाळलं, असं ती स्वतःला सांगायची. ते वाचायलाही जास्त चांगलं वाटत होतं, हे ती स्वतःला सांगायची नाही. संध्याकाळच्या जेवणाबद्दल डेरिल काहीच बोलला नव्हता, म्हणून ते तिला घडवावं लागलं. बाप जेवताना काय म्हणेल यावर तिनं तीन आठवडे घालवले. पाणी माग, देवाचं नाव घे, मुलावर ओरड, सगळं करून बघितलं आणि शेवटी मीठ सापडलं. त्यामुळे जगात दुसऱ्या कुठल्याही माणसाला ते मीठ आपोआप सापडणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी ती डेरिलकडे उतरली. तो सत्तावन्न वर्षांचा झाला होता, बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि मुलगी पर्थला खाणीत इंजिनियर होती. घरात तो आणि तीन कुत्री. त्यानं बहिणीसाठी मटण भाजून ठेवलं होतं आणि बटाटे जरा जास्तच भाजून ठेवले होते.

"उद्या येणार आहेस का माझ्या कार्यक्रमाला?" तिनं विचारलं.

"कुंपणाचं काम आहे."

"तेवीस वर्षं तुझं कुंपणाचंच काम चाललंय, डेरिल."

"कुंपण लांब आहे," तो म्हणाला आणि कुत्र्याला हाड टाकलं.

त्यानं तिचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. यात राग नव्हता, रुसवा नव्हता. 'जे दिवसभर बघतो ते परत संध्याकाळी कशाला वाचायचं,' असं त्याचं म्हणणं होतं. लिस्बनच्या कादंबरीला हे कारण लागू होत नाही, असं तिनं एकदा सुचवून बघितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "तिथलं मला काय कळणार?"

महोत्सव जत्रेच्या मैदानावर होता. एरवी त्या मैदानावर मेंढ्या, लोणची आणि फ्रूटकेक यांना बक्षिसं मिळायची. फेलिक्सचा कार्यक्रम लोकरीच्या दालनात होता, आणि दालनाला लोकरीचा वास होता. बाहेर अग्निशमन दलाचे स्वयंसेवक पावात सॉसेज आणि कांदा घालून देत होते. महिला मंडळाच्या बायकांनी स्कोन नावाच्या छोट्या पावांचं आणि जॅमचं टेबल मांडलं होतं, आणि त्या टेबलापुढची रांग कुठल्याही लेखकापुढच्या रांगेपेक्षा मोठी होती.

लेखकांच्या तंबूत फेलिक्स तिला सामोरा आला. पंचेचाळिशीचा, देखणा, मळखाऊ रंगाचा सुती शर्ट. पायात गुराख्याचे बूट, इतके नवे की चालताना कुरकुरत होते.

"ब्रॉन्विन. किती दिवसांपासून भेटायचं होतं," तो म्हणाला. "तुमची ती लिस्बनची कादंबरी... काय लिहिलीय."

लिस्बनच्या कादंबरीचं नाव घेणारा माणूस तिला अकरा वर्षांत भेटला नव्हता. चार पुस्तकांतून यानं नेमकं तेच का उचललं, हे तिला कळलं. जिथं हात घातला तिथं बोट दाखवायचं नसतं.

"मला तुमचं एकशे सत्याऐंशीवं पान आवडलं," ती म्हणाली.

फेलिक्सनं पाण्याची बाटली उघडली. ती आधीच उघडी होती.

दालन गच्च भरलं होतं. ट्रूडीनं रीतीप्रमाणे या भूमीच्या मूळ आदिवासी मालकांना आदरानं वंदन केलं, प्रायोजकांना त्याहून थोडं लांब वंदन केलं आणि फोन बंद करायला सांगितलं. ब्रॉन्विन खुर्चीवर बसली. मांडीवर 'मागचं कुरण', त्यात लाल कागदाची खूण. मग तिनं समोर बघितलं आणि तिसऱ्या ओळीत तिला डेरिल दिसला. इस्त्रीचा चौकडीचा शर्ट, हॅट गुडघ्यावर.

तिनं पुन्हा बघितलं. आला हा. कुंपण सोडून आला.

पाऊण तास तिनं फेलिक्सला बोलतं केलं. तो बोलायचा छान. अकरा दिवसांबद्दल बोलला, मातीबद्दल बोलला, शांततेबद्दल तर बराच वेळ बोलला. शेवटी ती म्हणाली, "आता थोडं वाचून दाखवा. पान एकशे सत्याऐंशी."

"त्यापेक्षा सुरुवातीचं वाचू का? पावसाचं?"

"एकशे सत्याऐंशी."

त्यानं वाचलं. उत्तम वाचलं, हे तिला कबूल करावं लागलं. तिनं स्वतः कधीच इतकं चांगलं वाचलं नव्हतं. "मीठ दे" म्हणून तो थांबला तेव्हा पत्र्यावर चालणाऱ्या मॅगपाय पक्ष्याची नखं ऐकू येत होती. महिला मंडळाच्या एका बाईनं रुमाल काढला. ब्रॉन्विननं लाल खुणेवर बोट ठेवून पुस्तक उघडलं, आणि ती तोंड उघडणार एवढ्यात फेलिक्स घाईघाईनं म्हणाला, "श्रोत्यांचे प्रश्न घेऊ या का?"

ट्रूडी माइक घेऊन धावली. तिसऱ्या ओळीतून एक हात वर झाला होता. डेरिलचा.

तो उभा राहिला. माइक त्यानं कोकराला पाजायच्या दुधाच्या बाटलीसारखा धरला.

"मी डेरिल. इथं जवळच असतो." लोक हसले, कारण डेरिल कुठं असतो हे सगळ्यांना माहीत होतं. "पुस्तक वाचलं नाही मी. ऐकलं. पोरीनं फोनमध्ये घालून दिलं होतं. पेरणी करताना ट्रॅक्टरमध्ये ऐकलं. तुम्ही आत्ता वाचलंत ते पान आलं तेव्हा ट्रॅक्टर बंद करून ऐकलं."

"धन्यवाद," फेलिक्स म्हणाला.

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

ब्रॉन्विन खुर्चीत पुढे सरकली. आपला भाऊ, ज्यानं आपलं एक पान वाचलं नाही, तो आपल्यासाठी भर सभेत उभा राहिलाय, असं तिला वाटलं. हे तिला एवढ्यासाठी वाटलं, की ती लेखिका होती आणि लेखकांना सगळं स्वतःबद्दलच वाटतं.

"चांगला प्रश्न आहे," फेलिक्स म्हणाला. त्यानं एक पाय दुसऱ्यावर टाकला, बूट कुरकुरला. "खरं सांगायचं तर, फिरत असताना एका पबमध्ये मला एक म्हातारा भेटला होता. त्यानं सांगितलं."

"कुठल्या पबमध्ये?"

"याच बाजूला कुठंतरी. नाव आता आठवत नाही."

"कधी?"

"खूप वर्षं झाली. पंधरा तरी."

"उंच होता? फार न बोलणारा?"

"उंच होता," फेलिक्स म्हणाला. "आणि नाही, फार बोलत नव्हता."

त्या मुलखात बुटका आणि बडबड्या म्हातारा शोधायचा तर दिवा लावून हिंडावं लागलं असतं. ब्रॉन्विन मनात म्हणाली, घे, आणखी खोटं बोल, दोरी लांब होतेय.

डेरिलनं हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि तो म्हणाला का, की त्यानं स्वतः मारल्या? सगळ्या?"

"हो," फेलिक्स म्हणाला. "सगळ्या. स्वतः."

"दुसऱ्या कुणाचं नाव नाही घेतलं?"

"नाही."

डेरिलनं हॅट खुर्चीवर ठेवली. मग म्हणाला, "ते माझे बाबा होते. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन." आणि माइक परत देत, "बरं झालं विचारलं."

तो बसला. ट्रूडीला राहवलं नाही. भरल्या आवाजात तिनं सांगून टाकलं, "हे डेरिल टकवेल, आपल्या ब्रॉन्विनचे भाऊ." सगळं दालन टाळ्या वाजवायला लागलं. फेलिक्सनं ब्रॉन्विनकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग, उन्हानं रापलेला भाग सोडून, सगळा उतरला होता.

ब्रॉन्विन मात्र डेरिलकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तीस वर्षं त्या खड्ड्याबद्दल बाप आणि लेक एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. बाप मेला तेव्हाही नाही. आणि आता डेरिलला कळलं होतं, की बाबा कुठल्यातरी पबमध्ये परक्या माणसाला सांगायचे, मी मारल्या, सगळ्या, स्वतः. पोराच्या हातचं त्यांनी स्वतःच्या माथी घेतलं होतं.

तिच्या मांडीवरचं पुस्तक उघडं होतं. पान एक्क्याण्णव. वेळ उरला होता सहा मिनिटं, आणि वाचायला तीन पुरली असती. तिनं बोट काढलं आणि पुस्तक मिटलं. फेलिक्सचे आभार मानले, श्रोत्यांचे मानले, लोकरीच्या दालनाचेही मानले.

सह्यांच्या तंबूत दोन टेबलं शेजारी शेजारी होती. फेलिक्सपुढची रांग सॉसेजच्या धुरापर्यंत गेली होती. ब्रॉन्विनपुढे एक गृहस्थ येऊन उभे राहिले आणि फेलिक्सची रांग कुठून सुरू होते ते विचारून गेले. त्यानंतर पक्षी बघणारं एक जोडपं आलं. डेरिल रांगेत चाळीस मिनिटं उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं फेलिक्सचा हात दोन्ही हातांत धरला आणि मागच्या माणसाला खोकावं लागेपर्यंत धरून ठेवला. फेलिक्सकडे बघवत नव्हतं.

रांग संपल्यावर फेलिक्स चहाच्या पिंपामागे तिला भेटला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"काय माहीत नव्हतं? पुस्तक माझं आहे हे, की माझा भाऊ जिवंत आहे हे?"

फेलिक्सनं कपात चहा घेतला, पण प्यायला नाही; घडलं ते सांगत राहिला. सात वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका भाड्याच्या घरात कपाटात 'मागचं कुरण' होतं. बाहेर पाऊस होता, करायला काही नव्हतं. त्यानं वाचलं. ते पान वहीत उतरवून घेतलं, नाव न लिहिता. पुढं दोन वर्षांनी वही उघडली तेव्हा त्याला ते आपलंच टिपण वाटलं.

"शपथेवर सांगतो. ट्रूडीनं तुमचं नाव कळवलं तेव्हा लख्ख आठवलं. मला वाटलं, तुमच्या लक्षात येणार नाही."

"स्वतःचं पोर शेजारच्याच्या अंगणात दिसलं तर आई ओळखते, फेलिक्स. आणि तो पब कुठून काढलास?"

"पब मी नेहमीच सांगतो," तो ओशाळून म्हणाला. "लोकांना पब आवडतो."

ती हसली नाही, पण तिला हसू आलं होतं.

"पुढच्या आवृत्तीत मी ऋणनिर्देश टाकतो," फेलिक्स म्हणाला. "तुमचं नाव, पुस्तकाचं नाव, पान क्रमांक. वर्तमानपत्रात लिहीन हवं तर. तुमचं पुस्तक पुन्हा छापायला लोक उड्या मारतील."

ब्रॉन्विनला तेवीस वर्षांत इतकं काही कुणी देऊ केलं नव्हतं. तिनं तंबूच्या फटीतून बाहेर बघितलं. डेरिल एका बाकावर बसला होता, मांडीवर सही केलेलं पुस्तक, आणि महिला मंडळाची कुणीतरी त्याला स्कोन देत होती.

"नको," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझं नाव टाकायचं नाही. कुठेच. म्हाताऱ्याचं टाक. 'पबमध्ये भेटलेल्या अनामिक वृद्धास.' असं काहीतरी, तुला जमेल."

"तुमचं मन फार मोठं आहे."

"अजिबात नाही. आज सकाळी मी तुझं सालटं सोलायला आले होते. अजूनही सोललं असतं. पण तुझं खोटं माझ्या खऱ्यापेक्षा जास्त कामाला आलं, त्याला मी काय करू?"

ती बाहेर जाऊन डेरिलशेजारी बसली. त्यानं अर्धा स्कोन तिच्यापुढे केला. दोघांनी आधी आपापला अर्धा खाऊन संपवला. त्या घरात बोलण्याची हीच पद्धत होती.

"मला वाटायचं, त्यांना माझी किळस आली," डेरिल म्हणाला. "त्या दिवसानंतर माझ्याकडे सरळ बघायचे नाहीत ना. वाटायचं, आपण एकाही वेळी थांबलो नाही, म्हणून."

"तू पंधरा वर्षांचा होतास."

"नेम चांगला होता माझा." तो पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "तुला कधी बोलले होते का ते याबद्दल?"

ब्रॉन्विननं आयुष्यभर कागदावर खोटं रचलं होतं आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाशी खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तिनं आधी मांडीवरचा स्कोनचा चुरा झटकला.

"एकदा," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

इथं तीन आठवडे नव्हते. तिनं मैदानाच्या टोकाच्या कुंपणाकडे बघितलं. "म्हणाले, डेरिलवर मी एक ओझं टाकलं, ते आता मला परत घेता येत नाही."

डेरिलनं मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. त्या वाक्यावर कधी समीक्षण येणार नव्हतं, पण त्याहून चांगलं वाक्य तिला आधी सुचलं नव्हतं, पुढेही सुचलं नाही.

"मीठही मागितलं होतं त्यांनी," डेरिल म्हणाला. "आज त्यानं वाचलं ना, तेव्हा एकदम आठवलं. पांढरी मिठाची बाटली होती बघ, निळ्या झाकणाची. आईनं पुढे केली होती."

"हो," ब्रॉन्विन म्हणाली. "निळ्या झाकणाची."

मग तो उठला आणि म्हणाला, "चल, आलोच आहे तर तुझंही एक घेतो. ते पहिलं कुठलं ते. मागच्या कुरणाचं. ते आपल्याकडचंच आहे ना?"

पुस्तकांच्या टेबलावर 'मागचं कुरण'च्या तीन प्रती होत्या. ट्रूडीनं कुठून कुठून मागवून आणल्या होत्या. तेवीस वर्षं ब्रॉन्विननं या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती. ती चटकन पुढे झाली आणि तिन्ही प्रती उचलून छातीशी धरल्या.

"हे नको," ती म्हणाली. "हे कंटाळवाणं आहे."

"तूच लिहिलंयस ना?"

"म्हणून तर सांगते. पहिलं पुस्तक होतं, काही जमलं नाही त्यात. संयत आहे फार. पक्ष्यांचं घे."

डेरिलनं पक्ष्यांचं घेतलं. टेबलामागची बाई ब्रॉन्विनकडे बघत राहिली. स्वतःच्याच पुस्तकाच्या तीन प्रती विकत घेऊन जाणारी लेखिका तिनं पाहिली नव्हती असं नाही, पण इतक्या घाईत कुणी नेल्या नव्हत्या.

'तांबडं वर्ष'ची पुढची आवृत्ती सप्टेंबरात निघाली. शेवटच्या पानावर ओळ होती, 'आणि त्या अनामिक वृद्धास, ज्यानं एका संध्याकाळी मला सगळं दिलं.' डेरिलनं त्या पानाचा फोटो काढून ब्रॉन्विनला पाठवला. फेलिक्स आता प्रत्येक महोत्सवात म्हाताऱ्याची गोष्ट सांगू लागला. अॅडलेडमध्ये म्हाताऱ्याला कुत्रा मिळाला. ब्रिस्बेनपर्यंत तो थोडा लंगडू लागला होता.

ऑक्टोबरात एका दुपारी फेलिक्सचा फोन आला. आवाज दबका होता.

"मी तुमच्या भावाकडे आहे," तो म्हणाला. "त्यांनी पत्र पाठवून बोलावलं. नाही म्हणता येईना. चार दिवस मेंढ्यांच्या शेपट्या साफ करतोय मी. माझे बूट गेले."

"फार दिवस टिकले. आणि आता?"

"त्यांना तो पब शोधायचाय. बाबा नेमके कुठं बसायचे ते बघायचंय म्हणतात. या भागात पाच पब आहेत, तीन झाले. प्रत्येक ठिकाणी मला दारात उभं करतात आणि विचारतात, हाच का. ब्रॉन्विन, उद्या दोन आहेत. मी काय सांगू?"

ब्रॉन्विननं विचार केला. तिच्या वर्गातले निवृत्त लोक शेजारच्या खोलीत आपापल्या आठवणी लिहीत होते.

"वॉलेट क्रॉसिंगच्या फाट्यावर सहावा होता," ती म्हणाली. "दहा वर्षं झाली बंद पडून. मालक वारला, फळ्या ठोकल्यात. बाबा खरंच जायचे तिथं अधूनमधून. तो सांग. तिथं कुणाला विचारता येणार नाही."

"आणि कुठं बसला होता म्हणून विचारलं तर?"

"खिडकीपाशी सांग. प्रत्येक पबला एक खिडकी असते."

दोन दिवसांनी डेरिलनं फोटो पाठवला. फळ्या ठोकलेल्या दारासमोर दोघं उभे होते. फेलिक्सच्या अंगावर डेरिलचा जुना शर्ट होता आणि नाक उन्हानं सोललं होतं. डेरिलनं हॅट काढून हातात धरली होती, चर्चबाहेर धरतात तशी. खाली त्यानं लिहिलं होतं, 'सापडला. पोरगा बरा आहे, पण कामाला फार हळू. पक्ष्यांचं पुस्तक चाळीस पानं झालं. बगळ्यांबद्दल तू चुकीचं लिहिलंयस.'